वाचक विचारतात : फाशांना बंदी, पत्त्यांना मान

गेल्या अंकात स्टीमपंक, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काल्पनिक जगातल्या खेळांवर लिहिताना 'कॅसल फाल्केनस्टाइन'चं नाव मी जाता जाता घेतलं आणि पत्रं नेमकी त्यावरच आली. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्या एका खेळाला. बुद्धिबळाच्या घड्याळाबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : ताई, आमचा डी अँड डीचा ('डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा) ग्रुप आहे. तुम्ही लिहिलंत की फाल्केनस्टाइनमध्ये फासे नाहीत, साधे पत्ते आहेत. मग नशिबाचं काय? आणि पत्तेच कुटायचे तर रमी काय वाईट? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : रमी अजिबात वाईट नाही. फक्त रमीत प्रशियाच्या लढाऊ जहाजावरून राजवाड्याच्या सज्जात उडी मारता येत नाही.

आधी खेळाची ओळख करून देते, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही धागा लागेल. हा रोल-प्लेइंग खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि मिळून गोष्ट पुढे न्यायची. 1994 साली अमेरिकेतल्या आर. टाल्सोरियन गेम्स या कंपनीने तो काढला. कर्ता माइक पॉन्डस्मिथ, 'सायबरपंक' हा रोल-प्लेइंग खेळ करणारा तोच. काळ 1870चा आणि जागा 'न्यू युरोपा', म्हणजे आपल्या इतिहासातला युरोप, पण वेगळ्याच वळणावर गेलेला. बिस्मार्क आहे, व्हिक्टोरिया राणी आहे, बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग आहे. त्यांच्या मांडीला मांडी लावून परीलोकातले सरदार, यंत्रविद्येत मुरलेले ड्वार्फ, ड्रॅगन आणि जादूगारांच्या गुप्त मंडळ्या. कोळसा-वाफेवर चालणारी अजस्र यंत्रं आहेत, आणि काही यंत्रांत वाफेबरोबर मंत्रही भरलेला असतो. शेरलॉक होम्स आणि ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्यांतला कॅप्टन नेमो तिथे हाडामांसाची माणसं आहेत. खुद्द व्हर्न तर थेट फ्रान्सचा विज्ञानमंत्री!

आता पत्ते कुठून आले ते ऐका. पुस्तकाची कथा अशी की टॉम ओलम नावाचा आपल्या जगातला कॉम्प्युटर गेम बनवणारा माणूस मंत्राच्या जोरावर त्या जगात ओढून नेला जातो. तिथे रमतो, आणि तिकडूनच आपलं हस्तलिखित पॉन्डस्मिथला पाठवतो. तिथल्या मित्रमंडळींना रोल-प्लेइंग शिकवावं असं त्याच्या मनात येतं, पण अडचण येते फाशांची. खानदानी माणूस फाशांना शिवत नाही. फासे म्हणजे गुत्ता आणि जुगार. पत्ते मात्र दिवाणखान्यात, बायकांसमोर, उजळ माथ्याने चालतात. म्हणून टॉम सगळे नियम पत्त्यांवर बेततो. आता ही झाली कथेतली सबब. खरा फरक टेबलावर कळतो.

दोन कॅट लागतात, एक नशिबाचा आणि एक जादूचा. नशिबाच्या कॅटमधून प्रत्येकाच्या हातात चार पानं. गोष्ट चालवणाऱ्या गेम मास्टरला इथे 'होस्ट' म्हणतात, मी यजमान म्हणते. त्याच्याही हातात चार. प्रत्येक रंगाचं खातं ठरलेलं : किल्वर म्हणजे अंगमेहनत आणि मारामारी, चौकट म्हणजे डोकं, बदाम म्हणजे मन आणि प्रेमप्रकरणं, इस्पिक म्हणजे समाजातलं वजन. दुर्रीपासून दश्शीपर्यंत पानावर असेल तो आकडा, गुलाम 11, राणी 12, राजा 13, एक्का 14, जोकर 15. तुमच्या कॅरेक्टरच्या अंगच्या गुणांनाही आकडे असतात, साधारण असेल तर 4, चांगला असेल तर 6, असं चढत 12पर्यंत.

आता ती उडी. तुमचं ॲथलेटिक्स चांगलं, म्हणजे 6. हातात किल्वर नश्शी, बदाम राणी, इस्पिक दश्शी आणि चौकट तिर्री. यजमान म्हणतो, 14 करून दाखवा. उडी हे किल्वरचं काम. नश्शी टाकलीत, 6 आणि 9 मिळून 15, पोचलात सज्जात. पण हाताला सराव असलेला खेळाडू तिथे थांबत नाही, तो तिर्रीही सोबत फेकतो. चुकीच्या रंगाचं पान असल्यामुळे तिची किंमत फक्त 1, बेरीज 16. पण ती हातातून गेली, आणि टाकलेल्या पानांच्या जागी कॅटमधून नवी पानं येतात. बदाम राणी आणि दश्शी मात्र तो छातीशी धरून बसतो, कारण सज्जाच्या आत मेजवानी चाललीय आणि तिथे काउंटेसशी बोलायचंय.

तुम्ही विचारलेलं नशीब ते हे. फासा टाकला की नशीब त्या क्षणी येतं आणि त्या क्षणी संपतं. इथे महिनाअखेरीच्या पगारासारखं ते आधीच तुमच्या हातात असतं. किती उरलंय ते ठाऊक असतं आणि कुठे उडवायचं ते तुम्ही ठरवता. हातात नुसती किल्वरं आली की अगदी गरीब स्वभावाचा माणूससुद्धा भांडण उकरून काढतो. बदाम साठले की लगेच कुणाच्या तरी प्रेमात पडतो. पानं बघून माणसाची तबियत बदलते, आणि हे कोणी शिकवावं लागत नाही.

द्वंद्वयुद्धाला नशिबाची पानं नाहीतच. दोघांना सहा-सहा पानं मिळतात, दोन हल्ल्याची, दोन बचावाची, दोन दम घेण्याची. प्रत्येक फेरीला दोघांनी दोन-दोन पानं पालथी ठेवायची आणि एकदम उलटायची. दम घ्यायचा तर कधीतरी घ्यावाच लागतो. तो समोरचा नेमका कधी घेणार हे ओळखणं एवढाच खेळ, पण त्या वेळी टेबलावर कोणी चहाचा कप उचलत नाही.

जादूचा कॅट सगळ्यात छान. मंत्राला जेवढी शक्ती लागते तेवढी भरेपर्यंत जादूगार एकेक पान ओढत राहतो. मंत्राच्या रंगाचं पान आलं तर त्याची पूर्ण किंमत, भलत्या रंगाचं आलं तर 1. ओढायला वेळ जातो, आणि तोवर बाकीच्यांनी दार धरून ठेवायचं. भलत्या रंगाच्या पानांवर काम उरकायला गेलात तर मंत्राला भलतेच फाटे फुटतात. आमच्याकडे एकदा शत्रूला झोपवायचा मंत्र अर्धवट पानांवर सुटला. शत्रू झोपला, आणि झोपेत आमच्याच घोड्यावर कविता करू लागला.

प्रश्न : एवढं चांगलं आहे तर हा खेळ कुणाच्या तोंडी का नाही? तेव्हा लोकांनी त्याला कसं घेतलं? 'सायबरपंक' जगभर पोचला, त्याच माणसाचं हे पोर मागे का पडलं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : मागे पडलं खरं, पण दुर्लक्षित राहिलं असं म्हणू नका. 1994 सालच्या सर्वोत्तम रोल-प्लेइंग नियमांसाठीचा ओरिजिन्स पुरस्कार याच खेळाला मिळाला. त्या काळी टेबलाभोवतीची हवा काळीकुट्ट होती. 1991चा 'व्हॅम्पायर' हा खेळ तेजीत, आणि पॉन्डस्मिथचा स्वतःचा 'सायबरपंक' म्हणजे रात्र, पाऊस आणि बंदुका. त्यात हा माणूस रंगीत चित्रांचं पुस्तक घेऊन येतो, ज्यात मेजवान्या आहेत, तलवारी आहेत, दिलेला शब्द पाळणं आहे, आणि बाई शास्त्रज्ञ असली तर कुणाच्या भुवया फारशा उंचावत नाहीत. कौतुक व्हायचंच होतं.

कुरकुर झाली ती दोन गोष्टींवर, आणि दोन्हीत तथ्य आहे.

पहिली, पुस्तकाची रचना. अर्ध्याच्या आसपास पुस्तक टॉम ओलमची गोष्ट सांगतं. नियम मागच्या भागात, आणि तेही टॉमच्याच गप्पिष्ट आवाजात. वाचायला बहार येते. पण खेळ रंगात आलाय, कुणीतरी गच्चीवरून पडलाय, आणि किती लागलं ते बघायला यजमान पानं उलटतोय, उलटतोय. त्या वेळी कथा नको असते, तक्ता हवा असतो. माझ्या प्रतीत निम्म्या पानांना कागदी खुणा चिकटवलेल्या आहेत. हा खेळ जितक्या लोकांनी हौसेने वाचला त्याच्या मानाने फार थोड्यांनी नेमाने खेळला, असं माझं मत आहे, आणि त्याचं मोठं कारण हीच रचना.

दुसरी कुरकुर पत्त्यांबद्दल. वर तिर्री फेकायची युक्ती सांगितली ना, ती काही माणसं फार मनावर घेतात. किरकोळ कामांवर भिकार पानं उधळायची, चांगली जमवायची, आणि शेवटच्या प्रसंगाला हातात एक्का-राजा घेऊन बसायचं. हिशेबी माणसाच्या हातात खलनायक टिकत नाही. काहींना हा नियमांतला दोष वाटतो. मला नाही वाटत. कादंबऱ्यांतले नायक तरी दुसरं काय करतात? मधल्या प्रकरणांत ठेचकाळतात आणि शेवटी बरोबर जिंकतात. फक्त यजमानाने 'दाराची कडी काढायला पानं टाका' असल्या फालतू संधी देऊ नयेत. पानं मागायची ती काहीतरी पणाला लागलेलं असेल तेव्हाच.

आता 'सायबरपंक'शी तुलना. 'सायबरपंक'च्या बंदुका, गाड्या, यांत्रिक हात यांच्या याद्या असतात, आणि याद्यांच्या पुरवण्या विकता येतात. शिष्टाचाराच्या पुरवण्या कितीशा विकणार? तरी त्यांनी विकून बघितल्या. 1995 साली 'कॉम इल फो' नावाचं जाडजूड पुस्तक आलं. कुणाला कसं लवून भेटायचं, जेवणाला काय घालून जायचं, द्वंद्वाचं आव्हान कसं द्यायचं, सगळं त्यात. मला ते मूळ पुस्तकापेक्षा जास्त आवडतं, पण मी रुखवताच्या याद्यासुद्धा आवडीने वाचणारी बाई आहे, माझं धरू नका. यंत्रांवरचं 'स्टीम एज' आणि जादूवरचं 'बुक ऑफ सिजिल्स' त्याच वर्षीचं. 1996 साली अमेरिकेवरचं 'सिक्सगन्स अँड सॉर्सरी' आलं, आणि मग ओघ आटला. त्याआधीच, 1993 साली 'मॅजिक : द गॅदरिंग' हा पत्ते जमवून खेळायचा खेळ आला होता आणि दुकानांतला पोरांचा खाऊचा पैसा त्या पत्त्यांकडे वळला होता. तो फटका या एकाच खेळाला बसला असं नाही, सगळ्या धंद्याला बसला.

गंमत पुढेच आहे. 2000 साली स्टीव्ह जॅक्सन गेम्सने आपल्या 'गर्प्स' नियमांवर फाल्केनस्टाइनची आवृत्ती काढली. गर्प्स चालतो कशावर, तर तीन फाशांवर! ज्या जगात सभ्य माणूस फाशांना शिवत नाही, त्या जगाची सहल फासे खुळखुळवत. पुस्तक अभ्यासू आहे, जगाची माहिती नीट लावलेली आहे, आणि मूळ पुस्तकात न सापडणाऱ्या गोष्टी त्यात पटकन सापडतात. पण ते घेऊन खेळायला बसलं की बदाम राणी जपून ठेवणारा तो लोभी चेहरा समोर दिसत नाही. 2016पासून फॅट गॉब्लिन गेम्सने परवाना घेऊन नव्या पुरवण्या काढल्या त्या मात्र पत्त्यांच्याच. इतक्या वर्षांनी कुणाला तरी तो पुन्हा करावासा वाटला, यात काय ते आलं.

प्रश्न : माझे सासरे पंचाहत्तरीचे आहेत. ब्रिज आणि नॉट-ॲट-होम यांत हयात गेली. मुलांबरोबर हा खेळ ते खेळू शकतील का? इंग्रजी वाचत नाहीत. (एक वाचक, सातारा)

उत्तर : खेळतील, आणि पोरांना खिशात घालतील. इंग्रजी फक्त यजमानाला आलं की पुरे. मामंजींना एवढंच सांगा की उतारी नाही, हुकूम नाही, हात करायचे नाहीत. चार पानं सांभाळायची आणि कोणत्या कामाला कोणता रंग ते लक्षात ठेवायचं. कुठली पानं निघून गेली हे त्यांना सवयीने आठवत राहील. ते तोंडाने सांगू द्यायचं नाही, नाहीतर बाकीच्यांचा खेळ होत नाही.

एकच अडचण येईल. ब्रिज खेळणाऱ्यांना बोलायचं नसतं आणि इथे बोलल्याशिवाय काही होत नाही. पहिल्या दिवशी त्यांना कडक स्वभावाचा, कमी बोलणारा निवृत्त सेनाधिकारी द्या. तिसऱ्या दिवशी तो सेनाधिकारी आटोपत नाही असं पत्र तुम्हीच पाठवाल.

प्रश्न : ताई, मी म्युनिकला शिकतेय. लुडविगचा नॉयश्वानस्टाइन किल्ला बघायला गेलो तेव्हा कळलं की फाल्केनस्टाइन नावाचा किल्ला लुडविगने बांधलाच नाही. मग खेळाला हे नाव का? (एक वाचक, म्युनिक)

उत्तर : बांधला नाही म्हणूनच.

तुम्ही तिथेच आहात तर प्फ्रोन्टेनला जाऊन या. गावावरच्या डोंगरावर जुन्या गढीचे अवशेष आहेत, जर्मनीतल्या सगळ्यात उंचावरच्या किल्ल्यांत त्याची गणना होते. नॉयश्वानस्टाइनचं काम 1869 साली सुरू झालं. ते पुरं व्हायच्या आत लुडविगला त्याहून उंच, त्याहून टोकदार किल्ल्याचं वेड लागलं. क्रिस्टियान यांक या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या कलावंताने चित्र काढून दिलं. ते चित्र मिळालं तर जरूर बघा. कड्याच्या टोकावर मनोऱ्यांची गर्दी, आणि आत माणसं राहणार कुठे हा प्रश्नच कुणी विचारलेला नाही. 1884 साली राजाने ते अवशेष विकत घेतले. वर जायचा रस्ता झाला, पाण्याची सोय झाली, आणि 1886च्या जूनमध्ये स्टार्नबर्गच्या तळ्यात राजाच बुडून गेला. तोवर कर्ज डोक्यावरून गेलं होतं आणि त्याला वेडा ठरवून गादीवरून काढलं होतं. किल्ला कागदावर राहिला.

पॉन्डस्मिथने तो कागद उचलला. त्याच्या जगात परीलोकाचा सरदार ऑबेरॉन लुडविगच्या बाजूला आहे, आणि जे गवंड्यांना जमलं नाही ते तिथे होतं. एका न झालेल्या किल्ल्यावर अख्खा न झालेला युरोप त्याने उभा केला. हे नाव त्याने बेसावधपणे घेतलेलं नाही.

प्रश्न : तुम्ही म्हणता कॅप्टन नेमो या खेळात आहे. नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र ना? मग 1870च्या या जगात हिंदुस्थान कुठे आहे? सगळे गोरे उमराव नाचतायत आणि आपण कुठे पंखे ओढतोय की काय? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : या पत्राची मी वाट बघत होते, आणि ते आमच्या जिल्ह्यातून यावं हेही बरंच झालं.

नेमोचं तुमचं म्हणणं बरोबर. 1875 साली व्हर्नने उलगडा केला की नेमो म्हणजे राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडचा, 1857च्या उठावात सगळं गमावलेला. आधी तो व्हर्नच्या मनात रशियावर सूड उगवणारा पोलिश माणूस होता. रशियात पुस्तकं खपणार नाहीत या धास्तीने प्रकाशक एट्झेलने नको म्हटलं. म्हणजे आपल्या वाट्याला नेमो आला तो एका प्रकाशकाच्या गल्ल्यामुळे. असो.

मूळ पुस्तकाचा सगळा जीव युरोपात, त्यातही बव्हेरिया-प्रशियाच्या भांडणात अडकलेला आहे. बिस्मार्क हा मुख्य खलनायक, इंग्लंडातले गिरणीवाले 'स्टीम लॉर्ड' हे दुय्यम. पण त्या गिरण्यांत कापूस कुठला येतो हा प्रश्न पुस्तक विचारत नाही. पॉन्डस्मिथ स्वतः कृष्णवर्णीय अमेरिकन; त्याने बुद्धिपुरस्सर असं जग केलं जिथे बायकांना आणि परक्यांना खऱ्या 1870पेक्षा जास्त मोकळीक आहे. मला तो निर्णय मान्य आहे. खेळायला बसलेल्या माणसाने दर दाराशी अपमान गिळावा, याला मी इतिहासाचं भान म्हणत नाही. पण अपमान काढून टाकला म्हणजे साम्राज्याचा हिशेब मिटत नाही, आणि तिथे पुस्तक सरळ नजर फिरवतं. याच्या आधीचा, 1988 सालचा फ्रँक चॅडविकचा 'स्पेस : 1889' निदान वसाहतींना समोर तरी ठेवतो, मंगळावर का होईना. पण त्यातही खेळणारा बहुतेक वेळा वसाहतवाल्याच्या बुटांत असतो.

तर गाळलेली जागा आपण भरायची. आणि ती भरायला आपल्याला काही शोधून काढावं लागत नाही, कारण खरोखरच्या 1870 साली कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज युरोपात होते. विशीतला राजा. उन्हाळ्यात इंग्लंडला गेले, राणीला भेटले, परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी इटलीत फ्लॉरेन्समध्ये वारले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथे कॅशिने बागेच्या टोकाला छत्री आहे, आत फेटा बांधलेला अर्धपुतळा आहे, आणि शेजारच्या पुलाला फ्लॉरेन्सची माणसं आजही 'इंडियानो'चा पूल म्हणतात. बरं, महाराज प्रवासात रोजनिशी लिहीत होते, इंग्रजीत. त्यांच्याबरोबरच्या कॅप्टन वेस्टने ती 1872 साली लंडनमध्ये छापून आणली.

फाल्केनस्टाइन खेळणाऱ्याला इथे थरारायला होतं. एक तर सालच तेच. दुसरं असं की या खेळात कॅरेक्टर शीट नसते. आपलं पात्र कोण, त्याला काय हवंय, कुणाशी वैर, कुणावर जीव, हे सगळं पात्राच्या रोजनिशीत लिहायचं असतं. आणि तिसरी गोष्ट तारखेची. त्याच 30 नोव्हेंबरला, होएनश्वांगाऊला, लुडविगने ते पत्र लिहिलं ज्यात प्रशियाच्या विल्हेल्मला त्याने जर्मन सम्राटपद घेण्याची विनंती केली. मसुदा बिस्मार्कचा, अक्षर लुडविगचं, आणि पाठोपाठ बिस्मार्ककडून गुपचूप पैसे. तिकडे कोल्हापूरचा राजा जातो, इकडे बव्हेरियाचा राजा आपलं राज्य गहाण टाकतो, एकाच दिवशी. हे खेळासाठी कुणी रचलं असतं तर मी म्हटलं असतं, जरा अतीच होतंय.

न्यू युरोपात लुडविग बिस्मार्कपुढे वाकत नाही, हाच तर त्या जगाचा आणि आपल्या जगाचा फाटा. म्हणून आमच्या टेबलावर मी तो दिवस ठेवला. महाराजांचं खुद्द कॅरेक्टर मी कुणाला दिलं नाही, देणारही नाही. कोल्हापुरात राहायचंय मला. खेळाडूंना दिली ती त्यांच्याबरोबरची कल्पित माणसं. एक कारभारी, ज्याचं इस्पिक जबर. एक वैद्य. एक दुभाषा, ज्याला प्रत्येक गावात नवीन प्रेम होतं. महाराजांच्या पथकातला एक मनुष्य बिस्मार्कच्या दूताला तो मसुदा घेऊन जाताना चुकून बघतो, आणि मग फ्लॉरेन्सहून बव्हेरिया गाठायची धावपळ.

कारभाऱ्याचा प्रसंग तेवढा सांगते. तो माझ्या भाच्याकडे होता. प्रशियाचा कर्नल वाट अडवून विचारतो, तुम्ही कोण, आणि कुठल्या हक्काने या डब्यात? भाच्याने हातातली पानं खाली ठेवली, पालथी, आणि उठून उभा राहिला. मग बसल्या आवाजात छत्रपतींची घराणी आणि बिरुदं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, मराठीत, दुभाष्याला जर्मन करायला वेळ न देता. यजमान म्हणून मी कर्नलच्या बाजूने इस्पिक गुलाम टाकला. त्याने बोलणं न थांबवता एक्का उलटा केला. कर्नलने टाचा जुळवल्या. हे मी फाशांवर कधी पाहिलेलं नाही, कारण फासा टाकेपर्यंत भाच्याला कळलंच नसतं की आपण इतकं ताठ उभं राहू शकतो.

तेव्हा पंखे ओढायची गरज नाही. आणि पंखे ओढणाऱ्याची गोष्ट खेळायची असेल तर तीही खेळा. त्याच्या हातातही चारच पानं येतात आणि उमरावांच्या खोलीत काय बोललं जातं ते सगळ्यात जास्त त्यालाच ऐकू येतं.

प्रश्न : रोजनिशी लिहायला पोरं कंटाळतात. ती टाळली तर चालेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. चार ओळी लिहा, पण लिहा. लिहायचाच कंटाळा असेल तर बोलून रेकॉर्ड करा. गुणांचे आकडे पाठीमागच्या पानावर, बाकी पुढे पात्राच्या तोंडून. पात्र खोटारडं असेल तर त्याने रोजनिशीतही थापा माराव्यात, माझी ना नाही.

प्रश्न : अमेरिकन काउबॉयवाला पत्त्यांचा खेळ 'डेडलँड्स' आणि हा एकच का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नव्हे. 'डेडलँड्स' दोन वर्षांनी आला, 1996 साली. त्यात पोकरचे हात आणि चिप्स आहेत, पण फासेही भरपूर आहेत. आणि वातावरण भुताखेतांचं. तोही उत्तम. पण तिथे जादूगार सैतानाशी पोकर खेळतो, इथे जादूगाराला आधी व्हिजिटिंग कार्ड पाठवून वेळ मागावी लागते. तुमचा ग्रुप कसा आहे त्यावर ठरवा.

प्रश्न : सामान काय काय लागेल आणि कुठून आणू? (एक वाचक, अकोला)

उत्तर : मूळ पुस्तकाची डिजिटल प्रत रीतसर विकत मिळते, जुनी छापील प्रत शोधत बसू नका, भाव ऐकून घाम फुटेल. पत्त्यांचे दोन कॅट, पाठीमागचं चित्र वेगळं असलेले, नाहीतर जादूचं पान नशिबात मिसळतं आणि निम्मा वेळ निवडण्यात जातो. द्वंद्वासाठी तिसरा, जुना, एखाद-दुसरं पान हरवलेला असला तरी चालतो. प्लॅस्टिकचे घ्या, कागदी पत्ते पावसाळ्यात एकमेकांना सोडत नाहीत. आणि कॅट फोडल्या फोडल्या जोकर बाजूला काढायची आपल्याकडे सवय असते, ती या वेळी नको. 15चं पान आहे ते.